खांद्याच्या उंचीचं घर

१

रविवारी चर्चमधल्या पहिल्या मिस्साहून परतलेल्या रोझलीनमावशींनी मधल्या खोलीचं दार लोटलं, तेव्हा आल्तारवर, घरच्या देव्हाऱ्यावर, दिवा जळत होता, फुलं होती, पांढरी चादर जशीच्या तशी होती. फक्त मावलीची, म्हणजे देवमातेची, मूर्ती नव्हती.

मूर्ती मावशींची असती तर गोष्ट घरातल्या घरात मिटली असती. पण ती वसईतल्या वटार गावच्या अख्ख्या आळीची होती. ऑक्टोबरात मावली रोज एका घरी मुक्कामाला जाते. संध्याकाळी आळी जमते, रोजरीची प्रार्थना म्हणते, उकडलेले चणे खाते, आणि मूर्ती त्या घरी ठेवून पांगते. दुसऱ्या संध्याकाळी पुढचं घर. शनिवारी पाळी मावशींची होती, रविवारी पास्कलची. मूर्ती वीतभर लाकडाची, रंग उडालेली. बाजारात तिला कोणी विचारलं नसतं, पण आळीत तिच्यावाचून ऑक्टोबर अडला असता.

दुपारी मावशींचा मुलगा गॅब्रिएल दर रविवारसारखा माणिकपूरहून जेवायला आला. त्यानं घर धुंडाळलं, माळा पाहिला, विहिरीपर्यंत जाऊन आला. मग ओटीवर जमलेल्या लोकांदेखत हळू आवाजात म्हणाला, "आय, तूच कुठं तरी ठेवलीस आणि विसरलीस."

"मी कशाला ठेवीन? मी तर घाईत गेली. दिव्यात तेल घालायचं राहिलं, म्हनून वाटभर जीव खालीवर होत होता. येऊन बघते तर दिवा काठोकाठ भरलेला."

"मग तेल कोणी घातलं?"

कोणी तरी म्हणालं, तेलाची बाटली कुठाय बघा. बाटलीही सापडली नाही.

एवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत आळीचं मत झालं की म्हातारीचं डोकं चाललं. तेल घालते आणि विसरते, बाटली ठेवते आणि विसरते, तिथं मूर्तीचं काय घेऊन बसलात? गॅब्रिएलचंही ठरलं. पुढच्या रविवारी वटारच्या घराला कुलूप लावायचं आणि आयला माणिकपूरला न्यायचं.

मावशी रडल्या नाहीत. त्यांनी टांगेवाल्याकरवी गोखिवऱ्याला मला निरोप धाडला: घर तुम्ही लावलंत, घरात काय हरवलं ते तुम्हीच शोधा.

२

मी पोलीस नाही. मी लोकांची घरं आतून लावतो. खाट कुठं, कपाट कुठं, चूल कुठल्या अंगाला, खिडकीपाशी कोणी बसायचं, हे ठरवून देतो आणि सुताराच्या मागं उभं राहून करून घेतो. मुंबईत एका फर्निचरच्या दुकानात हे शिकलो, लढाई संपल्यावर दुकान बुडालं आणि मी परत आलो. वसईत हा धंदा कोणाला ठाऊक नव्हता. अजून नाही, आणि पंचावन्न साल संपत आलंय. लोक मला कपाटवाला रामनाथ म्हणतात. म्हणू देत. माझ्या स्वतःच्या खोलीत एक खाट आणि एक खुर्ची आहे. दुसऱ्या खुर्चीची गरज पडली नाही, तेव्हा माझ्या घराबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. गिऱ्हाईक स्वतःला काय हवं ते कधी सांगत नाही, शेजाऱ्याकडे काय पाहिलं ते सांगतं. म्हणून मी पहिले दोन दिवस नुसता बसून राहतो. माणूस कुठं टेकतो, चष्मा कुठं काढून ठेवतो, पाणी प्यायला उठताना कशाला धरतो, ते बघतो. तोंड काहीही सांगेल, हातपाय खरं बोलतात.

मावशींचं घर तीन वर्षांपूर्वी असंच लावलं. त्या माळ्याच्या शिडीवरून पडल्या होत्या. हाडवैद्यानं काय केलं कोण जाणे, दोन्ही खांदे आखडले ते आखडलेच. हात खांद्याच्या वर जात नव्हता, गुडघ्यांमुळे पाटावर चढता येत नव्हतं. गॅब्रिएलची बायको लिली तेव्हा होती. तिचं नि सासूचं दोन वाक्यांपलीकडे जमत नसे. गॅब्रिएलनं मला वटारला नेलं आणि सांगितलं, "रामनाथभाऊ, असं करा की आयला कोणाला हाक मारावी लागू नये."

मी तसं केलं. फळ्या खाली आणल्या, चूल ओट्यावर घेतली, कपड्यांच्या खुंट्या कमरेशी ठोकल्या. आल्तारही उतरवून छातीशी आणला आणि दिव्याच्या तेलासाठी त्याच्या उजव्या हाताला उघडी फळी केली. त्या घरात मावशींच्या खांद्याच्या वर कामाची एकही वस्तू ठेवली नाही. मला स्वतःला तिथं वावरताना सारखं वाकावं लागतं.

मग लिली तापानं गेली. यंदाच्या उन्हाळ्यात गॅब्रिएल पुन्हा आला. माणिकपूरच्या दोन खोल्या लावायच्या होत्या. तशाच, आईच्या मापानं. "आता आय येईल," तो म्हणाला. त्या लावून झाल्या, पण आय काही गेल्या नाहीत. वटारला त्यांची विहीर होती, केळी होत्या, नवऱ्याची कबर होती.

निरोप मिळाल्यावर मी टांगा धरला. मावशी ओटीवर एकट्या बसल्या होत्या. एरवी त्या आपल्या माणसांत त्यांच्या घरच्या बोलीत बोलायच्या, माझ्याशी जरा सरळ करून बोलत. त्या दिवशी त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"रामनाथभाऊ, खरं सांगा. माझं डोकं जातंय काय?"

"तसं कोण म्हणतं?"

"सगले. आता मी पन म्हनायला लागली. सकाळी चूल पेटवते नि परत जाऊन बघते, पेटवली का. आल्तारचा दिवा मी विझू दिला नाय, मूर्ती नसली तरी. पन तेल घातल्यावर जिजाला विचारते, घातलं ना गं?" त्यांनी आवाज खाली आणला. "डोकं जात असेल तर मी रविवारी निमूट जाईन. नसेल जात, तर मला इथंच मरू द्या."

मला त्या बाईची फार कणव आली. मूर्ती मिळो न मिळो, या बाईला तिचं डोकं परत मिळायला हवं होतं, आणि तेही रविवारच्या आत.

३

पहिल्यांदा गाठलं पास्कलला. आळीच्या प्रार्थनेचा तो पुढारी. उंच, हाडापेरानं मोठा, पानवेलींचा मालक. चर्चमध्ये गाणीही तोच सुरू करतो. आवाज असा की झोपलेले संत जागे व्हावेत. तो परड्यात पानं मोजून बांधत होता.

"चने भिजवले होते मी," तो म्हणाला. "पोरीबाळी, पाव्हने, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पहिल्यांदा आमच्या नव्या घरात मावली येनार. काय तोंड दाखवू?"

"तुम्हाला कोणाचा संशय?"

"संशय कसला? म्हातारी मानसं. माझी आय पन शेवटी चमचे तांदळाच्या कनगीत ठेवायची." त्यानं एक गड्डी बांधून बाजूला ठेवली. "नाय तर ती जिजा. बाहेरची बाई. आम्ही सगळे देवळात, घरात तीच."

"पहिल्या मिस्साला तुम्ही होतात?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी नास्तिकाहून वाईट ठरलो. "मी नसतो तर गानी कोन बोललं असतं?"

ते खरं होतं. त्याचा आवाज अख्ख्या गावानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोसला होता. मूर्ती हलली ती मिस्सा चालू असताना. म्हणजे पास्कल सुटला.

जिजा मावशींच्या विहिरीपाशी भेटली. खाडीकडच्या गावातली, नवरा मिठागरात, ही सकाळ-संध्याकाळ मावशींकडे कामाला. मी घर लावून दिल्यावर सहाएक महिन्यांनी ती लागली.

"रविवारी सकाळी कुठं होतीस?"

"हितंच. रहाटाला. केळींना पानी लावीत होती. रहाट येवढा करकरतो, घरात हत्ती शिरला तरी कलनार नाय." तिनं पदरानं हात पुसले. "दादा, माझ्यावर घेतलं तरी चालंल. मला दुसरं काम भेटंल. पन बाईला नेऊ नका. ती तिकडं जगायची नाय."

"तुझ्यावर का घ्यायचं? तू नेलीस का?"

"देव नेऊन काय करू? माझे देव मला हायेत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. काही माणसांना आपल्यावर आळ येणार हे आधीच ठाऊक असतं, आणि त्यांचा आवाज त्यानंच असा सपाट होतो.

मी घरात गेलो आणि नेहमीसारखा नुसता बसलो. आल्तारकडे बघत. चोर आला, त्यानं मूर्ती घेतली, आणि जाता जाता दिव्यात तेल घातलं. का? मूर्ती विकणाऱ्याला दिव्याचं काय? देवाचा राग करणाऱ्याला तर तो विझायलाच हवा. आणि तेल घातल्यावर बाटली गेली कुठं? मूर्तीबरोबर तेलाची बाटली कोण पळवतं?

मग माझी नजर वर गेली. आल्तारच्या डाव्या हाताला, डोक्याच्या उंचीवर, चिटाच्या कापडाचा एक छोटा पडदा होता. माझाच. त्यामागं जुना कोनाडा होता. भिंत कच्ची म्हणून मिस्त्रीनं तो बुजवायला नकार दिला, आणि ते भोक माझ्या डोळ्याला खुपायचं म्हणून मी त्यावर पडदा टाकला होता. आत काहीच ठेवायचं नव्हतं. मावशींचा हात तिथं पोचतच नव्हता.

मी पडदा उचलला. आत तेलाची बाटली होती.

४

बाटली मी जागची हलवली नाही. पडदा सोडला आणि मावशींना हाक मारली.

"मावशी, पूर्वी तेलाची बाटली कुठं असायची? मी घर लावायच्या आधी?"

"त्या कोनाड्यात. गॅब्रिएलचा बाप असताना आल्तार वर होता ना, तेव्हा."

"हात वर करा बघू."

त्यांनी प्रयत्न केला. कोपर खांद्यापाशी येऊन अडलं आणि त्यांचा चेहरा पिळवटला. मी पुरे म्हणालो. त्यांना काही कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही. अर्धवट सांगून मी त्यांना नुसती आशा लावली असती.

आता काम सोपं होतं. आळीनं नवी बाटली आणून दिली होती, ती मी हातात घेतली. दिव्यात दोन थेंब घातले आणि जिजाला म्हणालो, "ही ठेव गं जरा." तिनं ती न बघता उजव्या फळीवर ठेवली. तिला या घरात दुसरी जागाच माहीत नव्हती. दिवसभर तिचं काम एकच, प्रत्येक वस्तू बाईच्या हाताशी ठेवायची.

संध्याकाळी पास्कल चौकशीला आला तेव्हा तेच केलं. तो बाटली धरून गोंधळला. "हे बायकांचं काम. मला काय ठाऊक?" म्हणून त्यानं ती जमिनीवर ठेवली.

मावशींना तर विचारायलाच नको होतं.

राहिला कोण? शेजारी फळी उघडी असताना पडद्यामागच्या कोनाड्यात बाटली ठेवणारा अनोळखी चोर असू शकत नाही. त्याला कोनाडा आहे हेच माहीत नाही. ती ठेवली होती अशा माणसानं, ज्याचा हात उंच जातो, जो या घरात लहानाचा मोठा झाला, आणि नवी मांडणी झाल्यावर इथं रविवारचा पाहुणा म्हणून आला. डोळ्यांनी बघून त्यानं बाटली फळीवरून उचलली. ठेवताना मात्र डोळ्यांचं काम नव्हतं. हात आपला जुन्या घरात गेला.

मला हे कळलं त्याचा आनंद झाला नाही. तो माणूस माझ्या ओळखीचा होता आणि मला आवडायचा. शिवाय खात्री करायची तर मला त्याच्याशी एक लबाडी करावी लागणार होती.

५

गुरुवारी दुपारी गॅब्रिएल रजा टाकून आला. मावशींची ट्रंक बांधायला. रेल्वेच्या कचेरीत कारकून, चाळिशी उलटलेला, नीट भांग, इस्त्रीचा सदरा. दारातून आत येताना त्याचं कोपर माझ्या खाली आणलेल्या फळीला आपटलं. ते दर रविवारी आपटत असणार, कारण त्यानं चोळलंही नाही.

मावशी परसात जिजाबरोबर केळीची पानं काढत होत्या. घरात आम्ही दोघंच.

"तुम्ही उगाच त्रास घेताय, रामनाथभाऊ," तो म्हणाला. "आयचं वय झालंय. मलाही वाईट वाटतं. पण परवा मूर्ती, बाटली. उद्या चूल पेटती ठेवून जाईल. मग मी काय करू?"

"खरं आहे. बाटली हरवली त्याचं मलाही नवल वाटलं."

"तेच ना. मूर्तीचं एक वेळ सोडा. पण बाटली? रोजची वस्तू." त्याच्या आवाजात खोटं नव्हतं. मी चमकलो. बाटलीबद्दल तो मनापासून बोलत होता.

"दिवा कमी झालाय बघा," मी म्हणालो आणि नवी बाटली त्याच्या हातात दिली. "घाला जरा. माझे हात सरसाचे आहेत."

त्यानं तेल घातलं. एकीकडे बोलत होता, माणिकपूरला पाणी दारात येतं, चर्च जवळ आहे, डॉक्टर आहे. मी हं हं करत होतो. बोलता बोलता त्यानं बाटलीचं बूच लावलं, डावा हात वर नेला, पडदा बाजूला केला आणि बाटली आत सरकवली.

आत काचेला काच लागली.

तो थांबला. हात तसाच वर. मग त्यानं सावकाश जुनी बाटली बाहेर काढली आणि दिव्याच्या उजेडात धरून पाहिली.

"म्हणजे आय विसरली नव्हती," तो म्हणाला.

"नाही."

"मीच ठेवली. आणि मलाच आठवत नाही. रविवारपासून मला खरंच वाटायला लागलं होतं की ती विसरते. मी स्वतःला म्हणत होतो, बघ, तू काही फार खोटं केलं नाहीस."

परसातून मावशींचा आवाज आला, पानं पुरेत का म्हणून विचारत होत्या. गॅब्रिएलनं बाटली फळीवर ठेवली. "माझ्याबरोबर चला," तो म्हणाला.

६

आम्ही टांगा धरला. माणिकपूरला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. त्यानं कुलूप काढलं आणि मी त्याच्या मागोमाग मीच लावलेल्या त्या दोन खोल्यांत शिरलो.

उन्हाळ्यात सुतार गेले तेव्हा जशा सोडल्या होत्या तशाच होत्या. खिडकीपाशी खाट, तिच्यावर नवी कोरी चादर. हाताशी पाण्याची फळी. खुंट्या कमरेशी. छातीच्या उंचीवर आल्तार. त्यावर मावली उभी होती आणि तिच्यापुढे दिवा जळत होता, काठोकाठ भरलेला.

"रोज घालतो," गॅब्रिएल म्हणाला. "लहानपणी ते माझं काम होतं. बाबा म्हणायचे, मावली घरात असताना दिवा विझला तर ती अंधारात एकटी बसते. रविवारी सायकलनं गेलो, मूर्ती पिशवीत घातली, दारापर्यंत आलो. बघतो तर दिवा फडफडतोय. मला तसं निघवेना."

"मूर्ती नेल्यावर कोणासाठी?"

"ते कळलं असतं तर बाटली हरवली नसती."

तो खाली जमिनीवर बसला. खाटेवर नाही. मीही बसलो.

"लिली गेल्यापासून मी या घरात कोणाशी बोललो नाही, रामनाथभाऊ. कचेरीत बोलतो, गाडीत बोलतो. इथं कुलूप काढलं की बोलणं संपतं. आयला किती वेळा म्हटलं, चल. ती म्हणते, मला तिथं काही कमी नाही. कमी कुठून असेल? लिलीला त्रास नको म्हणून मीच तसं घर करून दिलं. तिला माझी गरज पडू नये असं. तुम्ही इतकं चोख केलंत की खरंच पडत नाही."

चोख कामाची अशी पावती मला आयुष्यात मिळाली नव्हती.

"वाटलं, तिला थोडी भीती वाटली तर येईल. थोडीच. मूर्ती नंतर मी आळीत परत ठेवणार होतो."

"तिला थोडी भीती नाही वाटली, गॅब्रिएल. ती चूल पेटवते आणि पेटवली का म्हणून परत बघायला जाते."

त्यानं तोंड ओंजळीत घेतलं. मोठ्या माणसाचं रडणं मला बघवत नाही. पाणी आणायच्या निमित्तानं मी उठून स्वयंपाकघरात गेलो. तिथं भिंतीशी चटई गुंडाळून ठेवली होती, तिच्यावर एक उशी. खाली कंदील, आणि जेवणाचं एकच ताट. ते बघून मला माझी गोखिवऱ्याची खोली आठवली आणि मी पाणी घेऊन लगेच बाहेर आलो.

"रविवारी तुम्ही सांगाल की मी सांगू?" मी विचारलं.

"मी," तो म्हणाला.

७

रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर अख्खी आळी मावशींच्या ओटीवर आणि अंगणात जमली होती. काहींना वाटत होतं म्हातारीला निरोप द्यायचा आहे. बायकांनी पापड, लोणचं बांधून आणलं होतं. ट्रंक दारात होती.

गॅब्रिएल आला, सायकल भिंतीला लावली, पिशवीतून मूर्ती काढली आणि सगळ्यांदेखत पास्कलच्या हातात दिली.

"मी नेली होती," तो म्हणाला. "मिस्सा चालू असताना. तेल मी घातलं, बाटली मी कोनाड्यात ठेवली. माझ्या आयचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा शाबूत आहे. तिला न्यायचं म्हणून मी हे केलं."

पास्कलनं मूर्ती उराशी धरली. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "चने परत भिजवायला पायजे." दोघी-तिघी हसल्या आणि मग गप्प झाल्या. जिजा दारामागं उभी होती. पास्कलनं तिच्याकडे बघून मान खाली घातली. माफी मागायची त्याला सवय नव्हती, तेवढ्यावर तिनं भागवलं.

मावशी जागच्या हलल्या नाहीत. आळी पांगेपर्यंत त्या मुलाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "चोरी केलीस, ते फादरला सांग. पन तू मला माझीच भीती घातलीस, गॅब्रू. रात रात मी माझ्या मानसांची नावं मोजायची. तुझं नाव, बापाचं नाव, गाईचं नाव. एक तरी विसरली काय बघायला."

गॅब्रिएल त्यांच्या पायाशी बसला.

"जेव आता," त्या म्हणाल्या.

तो जेवला. मावशींनी वाढलं, स्वतः घेतलं नाही. ऊन कलल्यावर त्यानं ट्रंक उचलून आत नेली, कुलूप आणलं होतं ते खिशातून काढून खिडकीत ठेवलं आणि सायकलवर बसून निघून गेला. मागं वळून बघायचं त्याला धाडस झालं नसावं.

मावशी ओटीच्या पायरीवर बसल्या. त्यांचं घर त्यांचं राहिलं होतं, डोकंही. मला वाटलं होतं त्या हलक्या होतील. पण त्या रस्त्याकडे बघत राहिल्या, सायकल दिसेनाशी झाली तरी.

"त्याच्या खोल्या तुम्ही लावल्यात ना?"

"हो."

"खाट कुठं आहे?"

"खिडकीपाशी. वारा येतो तिथं."

"ती माझी. तो कुठं झोपतो?"

मी दुसरं काही तरी सांगणार होतो. या बाईशी खोटं बोलायला मात्र जीभ उचलेना.

"स्वयंपाकघरात. चटईवर."

मावशींनी मान हलवली. नेसूच्या लाल लुगड्याचा काठ बोटांनी सरळ केला, पुन्हा केला. आतून जिजा भांडी घासत असल्याचा आवाज येत होता. ओटीवरचं ऊन गेलं, तरी त्या उठल्या नाहीत.

"पुढच्या रविवारी टांगा घेऊन इकडं या, रामनाथभाऊ," त्या शेवटी म्हणाल्या. "मला मानिकपूरला जायचंय. राहायला नाय. त्याची खाट लावायला."